फेब्रुवारीचे तीनशे

कुलथेबाईंनी चष्मा कपाळावर चढवला
आणि विचारलं, "तुम्ही नक्की राहता कुठं?"
अंबडच्या ऑफिसात, दुपारी दीडला,
मी डब्याचं झाकण काढत असताना.

झोपतो अत्तिबेलेत. ते कर्नाटक.
पाळी होसूरला. तो तमिळनाडू.
मधे एक नाका, आणि एक केळीवाला
जो दोन्ही भाषांत सुटे नाहीत म्हणतो.
पगार मात्र ह्या टेबलावरून निघतो,
जिथं मी आत्ता भाकरी मोडतोय.

"सहा महिन्यांसाठीच पाठवलंय," मी म्हणालो.
"चौदावा चालू आहे," बाई म्हणाल्या.

त्यांनी कागद सरकवला.
कायमचा पत्ता. सध्याचा पत्ता.
दोन्हींच्या मधे केसाएवढी रेघ.
ती ओलांडायला बसला वीस तास लागतात.

"दिवस मोजा. इथले किती, तिथले किती."
मोजले.
दिवाळीचे सहा.
शंकरमामांच्या दहाव्याला रामकुंडावर, ते दोन.
पोरीच्या टायफॉइडचे नऊ, त्यातले चार बिनपगारी.
आणि बसमधल्या रात्री?
निपाणी मागं पडली की मला झोप लागते,
जाग येते तेव्हा पाट्या वाचता येत नाहीत.
त्या कुठल्या रकान्यात?
"त्या सोडून द्या."
सोडून दिल्या. सत्तावीस होत्या.

महिन्याला दोनशे व्यवसाय कर,
फेब्रुवारीत तीनशे.
सगळ्यात तोकड्या महिन्याला सगळ्यात मोठी कात्री,
हा विनोद मी बावीस वर्षं सांगतोय
आणि वृषाली बावीस वर्षं हसत नाही.

"तिकडची महापालिका सहामाही कापते ना?
मग दोन्हीकडं कशाला? जिथं काम, तिथला कर.
इथला मी या महिन्यापासून थांबवते."

बरं वाटायला हवं होतं.
वर्षाचे अडीच हजार,
एक खेप जाऊन-येऊन सुटते त्यात.
पण तोंडातून निघालं,
"राहू द्या ना बाई. कापत जा."

चष्मा खाली आला.
"अहो, कर आहे तो. वर्गणी नाही."

वर्गणीच समजत होतो बहुतेक.
पाथर्डी फाट्यावर गाडी खड्ड्यात आपटली
की मी हक्कानं शिव्या घालायचो,
आपल्या दोनशेतलं काम आहे हे, म्हणून.
होसूरला खड्डा दिसला की
वळसा घालतो. बोलत नाही.

एकदा तिथं चहाला पाचशेची मोडली
तेव्हा उगाच वाटलं, ही आपल्या नाशिकरोडची असेल,
पमाच्या नवऱ्याच्या पाळीत छापलेली.
कुठं कुठं फिरली असेल, घड्या पडल्यात,
कोपऱ्यावर कुणीतरी हिशेब केलाय निळ्या शाईनं,
आणि तिला कुणी विचारत नाही
किती दिवस झाले निघून.
मी ती परत मागून घेतली, दहाच्या दोन दिल्या.

सही केली.
पेन बाईंचं होतं, परत देताना
त्या म्हणाल्या, "परत इकडं आलात की सांगा,
लगेच चालू करते."
जसं काही पेपर बंद केलाय.

संध्याकाळी इंदिरानगरला
वृषालीनं विचारलं, काय म्हणाले ऑफिसात?
"पगार वाढला. तीनशेनं. फेब्रुवारीपुरता."
ती हसली.
बावीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही
ओट्याकडं तोंड करून, मला पाठ दाखवून.

द्राक्षं धुऊन पेपरवर पसरली होती,
न्यायला.
"बसमध्ये चेंगरतील गं."
बॅग मी अजून उघडलीही नव्हती,
उद्या चारची गाडी होती.

तिनं एक घड उचलला, झटकला,
माझ्या हातात दिला.
"मग इथंच खा."